तालमीपासून आशियापर्यंत

कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडले की पेठा ओस पडतात. या मैदानावरूनच एक शिडी वर जाते: कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, राज्य संघटना, अखिल भारतीय महासंघ आणि १९५४ साली मनिलात स्थापन झालेला आशियाई फुटबॉल महासंघ. भारत त्याचा संस्थापक सदस्य.

मधली पायरी निखळली तर? ऑगस्ट २०२२मध्ये फिफाने बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतीय महासंघाला निलंबित केले. आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना न खेळताच परतावे लागले. निलंबन त्याच महिन्यात उठले. स्पर्धा हुकली ती हुकलीच. कारभार बिघडला वरचा, किंमत मोजली खेळाडूंनी. म्हणूनच वरच्या कारभाराची चौकशी तालमीच्या कट्ट्यावरही व्हायला हवी.