शेजारची शाळा

दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली, की मुलांच्या शाळांचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणत्या शाळेची फी किती, प्रवेशासाठी कोणाला भेटावे लागते, याची चर्चा चकलीबरोबर चांगली रंगते. मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या महापालिकेच्या शाळेचे नाव कोणी काढीत नाही. मला त्या शाळेविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. तिजोरी भरायची रयतेच्या घामाने आणि पैसा खर्चायचा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. नुसती शाळा असून भागत नाही, ती सर्वांची असावी लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ साली हेच सांगितले: वस्तीतील सर्व मुलांनी वस्तीतल्याच शाळेत जावे. अहवालाचे कौतुक झाले, शाळा मात्र वेगळ्याच राहिल्या. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. खाजगी शाळांनी पहिलीच्या प्रवेशात निदान पंचवीस टक्के जागा गरीब व वंचित घरांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने ठरविले, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खाजगी शाळेला हे बंधन नाही. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

न्यायालयाने योग्य तेच केले. पण या प्रकरणातली मेख पाहा. सरकारी शाळा जवळ आहे, ही गोष्ट गरिबाला अडचणीची का वाटावी? ती शाळा चांगली असती, तर हा वादच उद्भवला नसता.

ती चांगली व्हावी कशी? कायद्यानेच एक वाट ठेवली आहे. अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. वर्गाला शिक्षक नाही, नळाला पाणी नाही, हे विचारण्याचा अधिकार त्यांना आहे. पण ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांचे कचेरीत कोणी ऐकून घेते, ते पालक तेथे नाहीतच. रोजंदारी बुडवून बैठकीला येणाऱ्या आईच्या शब्दाला किती वजन मिळणार?

आपल्या पोरांचा बळी द्यावा, असे मी कोणाला सांगत नाही. इतकेच सांगतो, की पुढल्या वर्षी शाळा शोधताना पहिली चक्कर शेजारच्या शाळेत मारा. वर्गात बसा, शिक्षकांशी बोला. मनास आली, तर मूल घाला आणि समितीत जा. न आली, तरी काय कमी आहे ते नगरसेवकाला लेखी कळवा. ती शाळा आपल्याच करावर चालते; तिचा हिशेब मागणे हे आपलेच काम आहे.