गिधाड, गोचीड आणि अभ्यासक्रम

निसर्गव्यवस्थांची अवस्था आणि माणसाचे आरोग्य यांचा परस्परसंबंध तपासणारे अभ्यासक्षेत्र ‘प्लॅनेटरी हेल्थ’ किंवा पृथ्वी-आरोग्य या नावाने ओळखले जाते. रॉकफेलर फाउंडेशन आणि ‘द लॅन्सेट’ यांच्या संयुक्त आयोगाचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे नाव विद्यापीठांमध्ये रुळले. सर अँडी हेन्स आयोगाचे अध्यक्ष होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाचे आयुर्मान वाढले, बालमृत्यू घटले. नेमक्या त्याच काळात जंगल, माती, गोडे पाणी आणि हवामान यांची झीज झाली. आजची ही कमाई काही अंशी पुढच्या पिढ्यांच्या ठेवीतून आली आहे, असा अहवालाचा निष्कर्ष होता.

विद्यार्थ्यांना हे शिकवायचे तर पहिलाच प्रश्न पडतो तो म्हणजे कोणत्या विभागात शिकवायचे. वैद्यकशास्त्र, भूगोल, शेती, पशुवैद्यक, अर्थशास्त्र, कायदा या सगळ्यांचा विषयाशी संबंध आहे आणि कोणाही एकाला तो पुरता पेलत नाही. भारतातल्या गिधाडांची हकिगत याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावी.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी केली. आधी संशय साथीच्या रोगावर गेला. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि खरा कारक समोर आला: डायक्लोफेनॅक. पेटंटची मुदत संपल्यावर हे वेदनाशामक स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर मेले की त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांतच पक्षी मरे. भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

गोष्ट इथे थांबली असती तर ती पक्षिशास्त्राची राहिली असती. पण गिधाडे गेली, गावाबाहेर मेलेली ढोरे कुजत पडू लागली, भटकी कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला, पाणीही दूषित झाले. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी भरपूर गिधाडे असलेले जिल्हे आणि मुळात ती कमी असलेले जिल्हे यांच्या मृत्युदरांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख अतिरिक्त माणसे दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाच्या किमतीपासून माणसाच्या मृत्यूपर्यंतची ही साखळी कोणत्याही एका शाखेच्या पाठ्यपुस्तकात अथपासून इतिपर्यंत सापडणार नाही. पक्षितज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ यांच्या हाती तिची एकेक कडी लागली, तीही वर्षानुवर्षांच्या अंतराने.

महाराष्ट्राला आणि गोव्याला याहून जवळचे उदाहरण माकडतापाचे आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू शोधून काढला. हे केंद्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली उभारले होते; पृथ्वी-आरोग्याच्या अहवालामागे पुढे हेच फाउंडेशन असावे हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. सापडलेला विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला, म्हणून तो सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला काय, अशी शंका आली. ती तपासण्यासाठी सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा प्रकल्प झाला. पक्षी निर्दोष ठरले. स्थलांतराची अमोल माहिती मात्र हाती आली.

रोग पसरवते ती गोचीड. भातशेतीसाठी जंगल तोडले, कडेला गुरे चरू लागली, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या, आणि जंगलाच्या कडेला माणूस, माकड व गोचीड यांची गाठ वारंवार पडू लागली, असे विश्लेषण होर्हे बोशेल यांनी १९६० च्या दशकाअखेर मांडले. पुढे २०१५ साली गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हा ताप पोचला. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात असतो, आणि काजूच्या बागांमध्ये बोंडू वेचायचा हंगामही त्यातच येतो. ताप डॉक्टर पाहतो, मेलेल्या माकडाची खबर वनरक्षकाकडे जाते, गोचीड कीटकशास्त्रज्ञ ओळखतो, गुरांवरच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्य करतो. बागेत न जाण्याचा सल्ला मजुराला परवडणारा नाही, हे सांगायला समाजशास्त्राचा विद्यार्थी लागतो.

असे प्रश्न सोडवू शकणारे विद्यार्थी घडवण्यासाठी ‘प्लॅनेटरी हेल्थ अलायन्स’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली एक शैक्षणिक आराखडा मांडला. निसर्गाशी असलेले नाते, मानवनिर्मित बदल आणि आरोग्य, समता व सामाजिक न्याय, व्यवस्थांच्या पातळीवर विचार करण्याची सवय, आणि बदलासाठी चळवळ उभारणे ही त्याची पाच अंगे. कागदावर ती एकसारखी दिसतात. वर्गात मात्र चौथे सर्वांत कठीण, कारण परिणामातून पुन्हा कारण निर्माण होते अशी वर्तुळे पाठांतराने उमगत नाहीत. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी २०१९ साली वेगळीच वाट काढली. ‘प्लॅनेटरी हेल्थ रिपोर्ट कार्ड’मध्ये विद्यार्थीच आपल्या महाविद्यालयाला गुण देतात: अभ्यासक्रमाला, संशोधनाला, लोकांपर्यंत पोचण्याला, आवाराच्या पर्यावरणस्नेही कारभारालाही. हा उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला.

भारतात पाया वेगळ्या मार्गाने घातला गेला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सामाईक अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे पुण्याचे डॉ. एरच भरुचा हे व्यवसायाने शल्यविशारद. शाखा ओलांडण्याचा याहून चांगला दाखला कोणता? प्रत्यक्षात बहुतेक महाविद्यालयांत ‘ईव्हीएस’ हा पास होण्यापुरता विषय राहिला. सर्व शाखांचे विद्यार्थी एका वर्गात येतात खरे, पण एकमेकांशी बोलावे असे काम त्यांना दिले जात नाही.

गावात राहून शिकण्याची परंपरा अधिक फलदायी ठरली आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पंधरा दिवस एका खेड्यात मुक्काम करतात. आयआयटी मुंबईतील ‘सितारा’ या १९८५ साली स्थापन झालेल्या केंद्राच्या विद्यार्थ्यांना पाणी, चूल, रस्ता हे प्रश्न गावात राहून अभ्यासावे लागतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणलेल्या कुटुंब दत्तक योजनेतही अशी शक्यता आहे. विहिरीचे पाणी, गोठा, सरपण आणि पीक यांची नोंद रक्तदाबाच्या नोंदीशेजारी आली, तर तीच भेट पृथ्वी-आरोग्याचा धडा ठरू शकते. त्यासाठी जवळच्या कृषी किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी त्या तुकडीत हवा. दोन विद्यापीठांची वेळापत्रके जुळवण्याचे काम मात्र विद्यार्थ्यांवर सोडून चालणार नाही.

सगळ्यांत चिवट अडसर मूल्यमापनाचा आहे. संयुक्त प्रकल्पाचे गुण कोणत्या विभागाच्या खात्यात जमा करायचे, तासिका कोणाच्या कार्यभारात धरायची, परीक्षक कोण, हे प्रश्न सुटत नाहीत तोवर उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर उपक्रमही संपतो. तोंडी परीक्षेला दोन वेगळ्या शाखांचे परीक्षक बसवणे आणि अहवालात दुसऱ्या शाखेच्या पद्धतीने गोळा केलेली निदान एक तरी माहिती असण्याची अट घालणे, एवढे बदल विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या आवाक्यातले आहेत. त्यांना नव्या इमारतीची किंवा नव्या पदाची गरज लागत नाही.