पालवणकर बाळू : डाव्या हाताच्या फिरकीचा आद्य मानकरी

डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे पालवणकर बाळू हे भारतीय क्रिकेटमधील पहिले मोठे दलित खेळाडू. 1876 मध्ये धारवाडला चर्मकार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात ते खेळपट्टीवर रोलर फिरवत, जाळ्या बांधत. पगार महिना चार रुपये. तिथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करत. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही.

डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून बाहेर वळतो, म्हणून तो खेळणे कठीण. या कलेमुळे हिंदू संघाला बाळूंना घेणे भाग पडले. मैदानावर ते सर्वांसोबत खेळत. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाने 23 पैकी 15 सामने गमावले. बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. हा मान 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला. पुढे बाळू राजकारणात उतरले. 1937 च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध ते पराभूत झाले. 1955 मध्ये त्यांचे निधन झाले.