गेम रेकॉर्ड करायचाय? आधी संगणकात काय आहे ते बघा

एरवी आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. गेमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत मात्र नेमका उलटा समज आहे: फुकटचं घेतलं की व्हिडिओवर कंपनीचा शिक्का उमटणार आणि थोड्या वेळाने रेकॉर्डिंग आपोआप बंद पडणार. हा समज काही हवेतून आलेला नाही. एके काळी गेमर मंडळींच्या संगणकात हमखास सापडणारं फ्रॅप्स मोफत आवृत्तीत ३० सेकंदांवर थांबायचं आणि वर आपला शिक्काही मारायचं. बँडिकॅमची मोफत आवृत्ती १० मिनिटांची मर्यादा आणि शिक्का अशा दोन्ही अटी घालते. पण मुळात या विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या आहेत. त्यांच्यावरून सगळ्या मोफत सॉफ्टवेअरची पारख करण्यात अर्थ नाही.

ओबीएस स्टुडिओचं गणितच वेगळं आहे. ह्यू बेली या प्रोग्रॅमरने २०१२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प ओपन सोर्स आहे आणि देणग्या नि प्रायोजकांच्या पैशावर चालतो. त्याची विकत मिळणारी आवृत्तीच नाही, त्यामुळे तुमच्यापासून राखून ठेवण्यासारखं त्यांच्याकडे काही उरत नाही. शिक्का नाही, वेळेची मर्यादा नाही. कुणी ‘ओबीएस प्रो’ विकत असेल तर तिथून काढता पाय घ्यावा. स्ट्रीमलॅब्स हे ओबीएसच्याच कोडवर उभं राहिलेलं, पण वेगळ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, आणि त्यात पैसे भरून मिळणाऱ्या सोयी आहेत. त्याच्या नावातही ‘ओबीएस’ होतं. वाद झाल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये ते काढलं गेलं.

मोफत सॉफ्टवेअरमधला खरा धोका भलतीकडेच असतो. २०२३ च्या सुरुवातीला गूगलच्या शोधपानावर ओबीएसच्या नावाने खोट्या जाहिराती झळकत होत्या. त्यांवर क्लिक केलं की पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर उतरायचं. म्हणून शोधपानावरच्या पहिल्या दुव्यावर विसंबू नये. ‘ओबीएस प्रोजेक्ट डॉट कॉम’ हा पत्ता स्वतः टाइप करावा, नाहीतर सरळ स्टीमवरून घ्यावं.

“रेकॉर्डिंग चालू केलं की गेम अडखळतो, त्याला महागडा संगणकच लागतो.” हा सगळ्यात चिवट गैरसमज. यासाठी थोडी आकडेमोड करू. १९२० गुणिले १०८० पिक्सेलचं चित्र, सेकंदाला ६० चित्रं, दर पिक्सेलला ३ बाइट. सेकंदाला सुमारे ३७ कोटी बाइट झाले. तसंच्या तसं साठवायचं तर तासाभराचा खेळ १,३०० जीबीच्या वर जाईल. म्हणून चित्र दाबून, म्हणजे एन्कोड करून ठेवावं लागतं आणि खरं कष्टाचं काम तेच. पूर्वी ते प्रोसेसरच्या गळ्यात पडायचं, आणि त्याच प्रोसेसरला गेमही चालवायचा असायचा. साहजिकच दोन्हींची ओढाताण व्हायची.

इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणलं आणि एनव्हिडियाने २०१२ मध्ये एन्व्हेंक. एएमडीनेही तशीच सोय केली. या सोयीत ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ एन्कोड करण्यापुरता एक स्वतंत्र भाग असतो. गेम चित्रं काढत असताना तो बाजूला आपलं काम करत राहतो. गेमचा वेग उतरतो, पण बहुतेकदा जाणवेल इतका नाही. ओबीएसच्या सेटिंगमध्ये एन्कोडर म्हणून ‘एक्स२६४’ निवडलेलं असेल तर सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर येतो. मग लोक ओबीएसला ‘जड’ म्हणतात आणि दुसरं सॉफ्टवेअर शोधायला निघतात. बदलायची असते फक्त ती एक ओळ.

एवढं करूनही व्हिडिओ झटके देत असेल तर बहुतेक वेळा गेमने ग्राफिक्स कार्ड शंभर टक्के व्यापलेलं असतं. ओबीएसला चित्र जुळवायला त्याच कार्डाचा थोडासा वाटा लागतो. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालून बघा.

दर्जाबाबतही असाच गोंधळ आहे. थेट प्रक्षेपणासाठी सांगितलेला ६,००० केबीपीएसचा आकडा लोक रेकॉर्डिंगलाही लावतात, आणि मग धावपळीच्या दृश्यात गवत-पानं चौकोनी दिसली की सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. तो आकडा इंटरनेटच्या मर्यादेमुळे आलाय. तुमच्या हार्ड डिस्कला ती मर्यादा नाही. ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा मागणारी ‘सीक्यूपी’ पद्धत निवडली, की शांत दृश्याला कमी जागा जाते आणि गर्दीच्या दृश्याला जास्त. उलट बाजूने, वाट्टेल तेवढा बिटरेट चढवण्यातही शहाणपण नाही. ४० एमबीपीएसला तासाला १८ जीबी लागतात, आणि यूट्यूब तो व्हिडिओ पुन्हा दाबणारच आहे.

फाइल एमपीफोरच असावी, असाही आग्रह दिसतो. साध्या एमपीफोरमध्ये व्हिडिओची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली (आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको) की दोन तासांची फाइल उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तिथवरचा भाग शाबूत राहतो आणि नंतर ओबीएसच्याच मेनूतून, दर्जा न घटता, काही क्षणांत त्याचा एमपीफोर करता येतो. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीपासून ‘हायब्रिड एमपीफोर’ हा मधला मार्गही ओबीएसमध्ये आला आहे.

आता ओबीएसची इतकी तरफदारी केल्यावर हेही सांगायला हवं: सगळ्यांना ते लागत नाही. निवेदनाचा आवाज, गेमचा आवाज आणि मित्रांच्या गप्पा वेगवेगळ्या ट्रॅकवर हव्या असतील, कोपऱ्यात आपला चेहरा हवा असेल, तर ओबीएसला तोड नाही. पण ‘आत्ता मारलेला तो शॉट’ एवढंच जपायचं असेल तर त्यासाठी नवीन काही उतरवायचीही गरज नसते. एनव्हिडिया आणि एएमडी यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये मागची काही मिनिटं जपून ठेवायची सोय आहे. स्टीमने नोव्हेंबर २०२४ मध्ये तशीच सोय सगळ्यांसाठी खुली केली. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि जी एकत्र दाबली की गेम बार उघडतो. तोही हेच करतो, मात्र नुसता डेस्कटॉप रेकॉर्ड करत नाही.

ओबीएसमध्ये पडदा काळा दिसला की ‘सॉफ्टवेअर बिघडलं’ असं समजू नये. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर अनेकदा गेम एका चिपवर आणि ओबीएस दुसरीवर चालत असतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन, ‘गेम कॅप्चर’ वापरत असाल तर ओबीएसलाही गेमच्याच चिपवर आणावं.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी प्ले स्टोअरवरची जाहिरातींनी भरलेली रेकॉर्डर ॲप घेण्याचं सहसा कारण उरलेलं नाही. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, स्क्रीन रेकॉर्डर फोनमध्येच असतो. आयफोनमध्ये तो २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे. अँड्रॉइडवर सुरू करतानाच तो विचारतो, आवाज फोनचा घ्यायचा, माइकचा की दोन्ही. नुसता माइक निवडला तर गेमच्या आवाजात घरातला मिक्सरही मिसळतो. फोनचा आवाज निवडूनही व्हिडिओ मुका निघाला तर रेकॉर्डरला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या: आपला आवाज दुसऱ्या ॲपला द्यायचा की नाही हे ठरवण्याची मुभा अँड्रॉइडने गेम बनवणाऱ्यालाच दिलेली आहे.