न झालेल्या लग्नांची गोष्ट

‘सीआयडी’ ही गुन्हेतपासाची मालिका २१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला थांबली. या वीस वर्षांत दीड हजारांहून जास्त भाग झाले, खुनांची तर गणतीच नाही. पण ज्या दोन जोड्यांकडे लोक डोळे लावून बसले होते, त्यांच्यापैकी एकीच्याही डोक्यावर अक्षता पडल्या नाहीत. पोलीस अधिकारी अभिजित डॉक्टर तारिकाला विचारू शकला नाही, आणि त्याचा सहकारी दया इन्स्पेक्टर श्रेयाला. बंद दारं लाथेनं उघडणाऱ्या दयाला चार शब्द बोलता येऊ नयेत याची आमच्याकडे फार चेष्टा व्हायची. आज मागं वळून पाहताना वाटतं, मालिका इतकी वर्षं टिकली त्याला हे अडलेले शब्दही कारण असावेत.

मराठी माणसाचा या मंडळींशी परिचय त्याआधीचा. ‘सीआयडी’चे दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम यांची जोडी दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासूनची. साटम तेव्हा सेंट्रल बँकेत नोकरी करून अभिनय सांभाळत. त्याच सुमाराला रमेश भाटकरांचा ‘हॅलो इन्स्पेक्टर’ होता. त्या काळचा पोलीस यायचा, चौकशी करायचा, चोर पकडायचा आणि निघून जायचा. त्याला घर आहे का, त्याच्या डब्यात काय असतं, असले प्रश्न आम्हालाही पडत नसत. भाटकरांचा रुबाब मात्र लक्षात राहिला.

‘सीआयडी’नं एकदा मोठा घाव घातला. साटमांच्या एसीपी प्रद्युम्नचा मुलगा नकुल गुन्हेगारीकडे वळला आणि बापानंच त्याला गोळी घातली. दुसऱ्या एखाद्या मालिकेनं या प्रसंगावर वर्षभर रडारड केली असती. इथं पुढच्या आठवड्यात नवा मृतदेह आला आणि एसीपी हात फिरवत पुन्हा शंका घेऊ लागले. लेखकांचा हा आळस होता, हे माझं मत अजून बदललेलं नाही. पण साटमांनी तो आळस भरून काढला. त्यानंतर एखाद्या भागात तरुण आरोपीसमोर ते क्षणभर जास्त थांबले, की घरातलं कुणीतरी हळूच म्हणायचं, “त्याले पोरगा आठवला.” संहितेत ते असेल-नसेल, प्रेक्षकांनी मात्र मनात लिहून घेतलं होतं.

अभिजितची गोष्ट त्याहून वेगळी. आदित्य श्रीवास्तव या मालिकेत आधी एका भागात गुन्हेगार म्हणून आले आणि नंतर पोलीस अधिकारी झाले. या अधिकाऱ्याची स्मृती गेलेली, स्वतःचा भूतकाळ त्यालाच नीट ठाऊक नाही. ज्याला स्वतःवरच पूर्ण भरवसा नाही असा माणूस दुसऱ्यांची खोटी जबानी पकडतो, हा त्या पात्रातला खरा रस होता. २००७ मध्ये श्रद्धा मुसळे डॉक्टर तारिका म्हणून प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि या संशयी माणसाचा चेहरा सैल पडला. प्रसंग ठरलेलाच असे. टेबलावर प्रेत, भोवती चमू, डॉक्टर साळुंखे विषाचं नाव सांगताहेत, आणि अभिजित मात्र ‘हे तुम्ही कसं ओळखलंत’ असं तारिकाला विचारतोय. ती मान खाली घालून अर्धवट हसते. साळुंखे बघतात, काहीतरी टोचून बोलतात आणि सगळे पुन्हा विषाकडे वळतात. पुरतं मिनिटभरही नसेल. तेवढ्यासाठी माणसं तासभर बसत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली पुष्कळ गोष्टींत मतभेद आहेत, पण लाइन जाण्याच्या बाबतीत दोघांची गत एकच होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री दहाचा भाग शेवटपर्यंत दिसेल याची खात्री नसे. खुनी कोण हे सकाळी ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता त्याच्याकडून कळायचं. त्यातही बायका खुनी विचारत नसत. “ते डॉक्टरीन आली होती काय?” हा पहिला प्रश्न. पुढं फ्री डिशवर सोनी पलनं जुने भाग दाखवायला सुरुवात केली आणि शेतातल्या खोपडीपर्यंत ‘सीआयडी’ पोचली. भाग कुठल्या सालचा याचा पत्ता नसायचा. एका दिवशी तारिका असायची, दुसऱ्या दिवशी ती अजून आलेलीच नसायची. तरी लग्नाचे अंदाज चालू. भेंडवळच्या घटमांडणीत पावसाचं भाकीत जितक्या गंभीरपणे ऐकतात, तितक्याच गंभीरपणे आमची एक मावशी ‘येत्या दिवाईले होते पाहा’ असं सांगायची. दिवाळ्या गेल्या. “काहून इचारत नाई हा बाप्पा? तोंड शिवलं काय त्याचं?” असं म्हणत ती पुढचा भाग लावायची.

दया-श्रेयाचं प्रकरण याहून हळवं. जान्हवी छेडा २०१२ मध्ये इन्स्पेक्टर श्रेया म्हणून आल्या. अभिजित निदान खोड्या तरी काढायचा. दया नुसता बघायचा. दयानंद शेट्टींच्या त्या दांडग्या देहात एकदम अवघडलेपण यायचं, आणि ते त्यांनी छान केलं. श्रेयाचं दुसरीकडे ठरण्यापर्यंत गोष्ट गेली, तेव्हाही हा माणूस गप्पच. खरं कारण तांत्रिक आहे. प्रत्येक आठवड्याला नवा गुन्हा, त्याच भागात उकल, म्हणजे मधूनच बघणाऱ्यालाही अडायला नको. या घडणीत लग्न बसत नाही. लग्न म्हटलं की सासर आलं, मूल आलं, रुसवे आले, आणि मागचे भाग पाहणं भाग आलं. म्हणून पात्रांना पुढं सरकायची मुभा थेंबाथेंबानंच मिळायची. केस पांढरे झाले, आवाज जड झाला, तीच काय ती वाढ. ती कुणी लिहिली नव्हती, नटांच्या वयानं केली. संसारी म्हणून लक्षात राहिला तो फ्रेडी, आणि त्याचं बायकोला घाबरणं हा विनोद. फ्रेडी साकारणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले तेव्हा तो विनोद आठवून लोक हळहळले.

मराठी वाहिन्यांनी ही कोंडी आपापल्या परीनं फोडली. ‘लक्ष्य’नं पोलीस ठाणं दाखवलं. झी मराठीच्या ‘अस्मिता’त मयूरी वाघची गुप्तहेर आणि पीयूष रानडेचा अभिमन्यू यांनी तपासाच्या बरोबरीनं प्रेमही केलं, तेही कसलाही संकोच न करता. माझ्या लेखी मोठी उडी मात्र झी युवाच्या ‘रुद्रम’ची, २०१७ मधली. मुक्ता बर्वेची रागिणी नवरा आणि मूल गमावलेली. तिचं प्रेम मागं संपलेलं आहे आणि सूड त्याच प्रेमाचा आहे. गोष्ट ठरावीक भागांत संपवायची असं आधीच ठरल्यामुळं तिला बदलायला जागा मिळाली. घाबरणारी बाई आखणी करणारी झाली, आणि त्या आखणीची किंमत तिच्या चेहऱ्यावर साचत गेलेली दिसली.

‘देवमाणूस’ ऑगस्ट २०२० मध्ये आली ती उलट्या दिशेनं. वाईत २०१६ साली उघडकीला आलेल्या हत्याकांडाची छाया तिच्यावर होती. इथं प्रेम हे हत्यार. किरण गायकवाडचा डॉक्टर गोड बोलून बायकांना जवळ ओढतो आणि संपवतो. मालिकेत प्रणय भरपूर, पण डॉक्टर पहिल्या दिवशी जसा तसाच शेवटच्या दिवशी. बदलली ती अस्मिता देशमुखची डिंपल. गावातली अल्लड पोरगी, त्याच्यापायी खऱ्याखोट्याचं भान सोडत गेलेली. तिची गोष्ट आणखी नेटानं सांगायला हवी होती. तिथं सरू आजीच्या म्हणींनी वेळ खाल्ला. म्हणी झकास होत्या, हेही कबूल.

२१ डिसेंबर २०२४ ला ‘सीआयडी’ परत आली. लोकांना खिळवायला निर्मात्यांनी काय करावं? तारिका-श्रेयाचा विषय काढला नाही. अभिजितनं दयावर गोळी झाडल्याचं दाखवलं. कुठली प्रेमकथा मोडली तर लोकांच्या काळजात चर्र होईल, हे त्यांना नेमकं माहीत होतं. इतकी वर्षं एका गाडीतून फिरलेली ही दोन माणसंच या मालिकेतली खरी जोडी होती. नंतर एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न स्फोटात गेल्याचं दाखवलं, वाहिनीनं श्रद्धांजलीही वाहिली. नकुलच्या मृत्यूनंतर मालिकेनं जो शोक आठवड्याभरात गुंडाळला होता, तो प्रेक्षकांनी या वेळी तसा गुंडाळू दिला नाही. साटमांना परत आणावं लागलं.