कायद्याची पदवी आणि आरोग्य-प्रशासनाचे शिक्षण

रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि खाटा एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पंधरा-वीस खाटांच्या एखाद्या प्रसूतिगृहाच्या चालकाने आपणास लागू असलेल्या कायद्यांची नुसती यादी करावयाचे ठरविले तरी पानभर मजकूर होईल. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ चा अधिनियम, वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा, गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम, ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा अधिनियम. शिवाय कर्मचाऱ्यांचे वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि अग्निसुरक्षा यांसंबंधीच्या तरतुदी निराळ्याच. यांतील बहुतेक कायद्यांबरोबर एखादी नोंदवही, एखादे विवरणपत्र आणि ते सादर करण्याची मुदत येते. वैद्यकीय अभ्यासक्रमात यांपैकी फार थोडे शिकविले जाते. विधी महाविद्यालयात कलमे शिकविली जातात, पण रात्री अकरा वाजता अपघात विभागात काय घडते ते शिकविले जात नाही. ही दोन्ही अंगे एकाच व्यक्तीला अवगत असावीत, या हेतूने कायद्याची पदवी आणि आरोग्य-प्रशासनातील पदव्युत्तर पदवी यांची जोड देण्याची पद्धत काही देशांत रूढ झाली आहे. आपल्याकडे अशी जोड देता येते काय आणि ती कोणत्या मार्गाने, याचा येथे विचार करावयाचा आहे.

त्याआधी ही गरज कोठून निर्माण झाली ते पाहणे इष्ट ठरेल. आपल्या राज्यातीलच एक प्रकरण घेऊ. १९६३ साली त्या वेळच्या औरंगाबाद शहरातील शासकीय रुग्णालयात एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. पुढे तिची प्रकृती ढासळली. पोट पुन्हा उघडले असता आत कापड राहून गेल्याचे आढळले, आणि ती दगावली. कुटुंबियांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो मान्य केला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, रुग्णालय चालविणे हे शासनाचे सार्वभौम स्वरूपाचे कार्य नव्हे. म्हणून तेथील कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची भरपाई देण्याची जबाबदारी शासनास टाळता येणार नाही. घटना आणि निकाल यांच्यामध्ये तेहतीस वर्षे गेली. कायद्याच्या विद्यार्थ्याला या निकालात शासनाच्या दायित्वाचे तत्त्व दिसते. रुग्णालय-प्रशासनाच्या विद्यार्थ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडावयास हवा: टाके घालण्यापूर्वी कापडाचे तुकडे मोजून त्यांची नोंद कोणी करावयाची होती? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

दुसरे प्रकरण बंगालचे आहे. १९९२ साली एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याला पुढे पाठविण्यात आले, परंतु कलकत्त्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयाने खाट नाही किंवा सोय नाही म्हणून त्याला परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचा पैसा खर्चून त्याला उपचार घ्यावे लागले. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली, आणि निधीची अडचण ही सबब चालणार नाही असेही बजावले. न्यायालय एवढ्यावर थांबले नाही, ही या निकालाची खरी विशेषता होय. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार मिळावेत. जिल्हा व उपविभाग पातळीवरील रुग्णालये गंभीर रुग्णांना सामावून घेण्याइतकी सुसज्ज करावीत. कोठे खाट रिकामी आहे हे तत्काळ कळावे म्हणून राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्क-व्यवस्था असावी. रुग्णवाहिका पुरेशा असाव्यात आणि त्यांत आवश्यक साधने व माणसे असावीत, अशी दिशा न्यायालयाने आखून दिली. हा निकाल वाचताना आपण एखाद्या आरोग्य खात्याचा कृति-आराखडा वाचीत आहोत असे वाटते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर काम करणाऱ्या प्रत्येक सभासदाने तो एकदा तरी वाचावा अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. वाहनाच्या इंधनाचा किंवा चालकाच्या रिक्त पदाचा विषय समितीपुढे येतो तेव्हा तो केवळ अंदाजपत्रकाचा विषय नसतो.

अमेरिकेतील जोड-पदवी

हाच प्रवास अमेरिकेत काहीसा आधी झाला. तेथे रुग्णालय-प्रशासनाचे विद्यापीठीय शिक्षण शिकागो विद्यापीठात १९३४ साली सुरू झाले. त्या काळी रुग्णालय म्हणजे डॉक्टरांना जागा व परिचारिका पुरविणारी संस्था, अशीच समजूत होती. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये इलिनॉय राज्यात फुटबॉल खेळताना एका तरुणाचा पाय मोडला. प्लास्टर आवळले गेले, बोटे काळवंडली, आणि पुढे पाय गुडघ्याखाली कापावा लागला. 'उपचार डॉक्टरांचे, आमचा संबंध नाही' हा रुग्णालयाचा बचाव १९६५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. रुग्णालयाचे स्वतःचे उपविधी आणि मान्यतेचे निकष हेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले. त्याच वर्षी वृद्धांसाठी व निर्धनांसाठी आरोग्य विम्याच्या दोन मोठ्या शासकीय योजना तेथे सुरू झाल्या आणि त्यांबरोबर देयकांचे व तपासणीचे नियम आले. १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाची तपासणी केल्यावाचून त्याला परत पाठविण्यास मनाई केली. १९९६ मध्ये रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा पाया घालणारा कायदा झाला. रुग्णालयाच्या कार्यालयात कायदा जाणणारा माणूस ही चैन राहिली नाही.

तेथे कायद्याची जे. डी. ही पदवी मुळातच पदवीनंतरची असून तिला तीन वर्षे लागतात. आरोग्य-प्रशासनाची एम्. एच्. ए. ही पदवी दोन वर्षांची आहे. मिसूरी राज्यातील सेंट लुईस विद्यापीठ किंवा आयोवा विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी या दोन्ही पदव्या मिळून चार वर्षांत पूर्ण करण्याची सोय आहे. एक वर्ष वाचते ते कशामुळे? आरोग्य-कायदा, विमा, जैवनीती यांसारखे काही विषय दोन्हीकडे समान असतात आणि एका विद्याशाखेतील ठराविक श्रेयांक दुसरी विद्याशाखा आपल्या अभ्यासक्रमात मान्य करते. प्रवेश मात्र दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. शुल्क इतके आहे की वाचलेले एक वर्ष म्हणजे मोठीच बचत होय. उलट, ज्याला केवळ वकिली किंवा केवळ व्यवस्थापन करावयाचे आहे त्याला ही दुसरी पदवी महाग पडते.

आपल्याकडील नियम

विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्यावयास हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली. या बातमीवरून अनेकांचा असा समज झाला की, सकाळी एल्एल्. बी. आणि दुपारी एम्. एच्. ए. करता येईल. हा समज चुकीचा आहे. विधी शिक्षण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियंत्रणाखाली येते, आणि कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतील सहावा नियम, कायद्याची पदवी घेत असताना दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमास नाव नोंदविण्यास प्रतिबंध करतो. एकाच संस्थेचा एकात्मिक अभ्यासक्रम, भाषा किंवा संगणकाचा अल्पमुदतीचा प्रमाणपत्र वर्ग आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम एवढेच त्याला अपवाद आहेत. या नियमाकडे दुर्लक्ष करून घेतलेली पदवी सनदेच्या वेळी अडचणीत येऊ शकते. तेव्हा कुटुंबाचा पैसा आणि विद्यार्थ्याची वर्षे दोन्ही पणास लागलेली असतात.

म्हणजे आपल्याकडे मार्ग एकच: एकापुढे एक. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एल्एल्. बी. आणि दोन वर्षांची एम्. एच्. ए. मिळून पाच वर्षे होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक विधी अभ्यासक्रम घेतला तर त्यापुढील दोन वर्षे धरून एकूण सात. अमेरिकन विद्यार्थ्याची शालेय शिक्षणानंतरची चार अधिक चार अशी आठ वर्षे होतात, तेव्हा जोड-पदवीची सोय नसूनही आपला विद्यार्थी मागे राहतो असे नाही. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसह देशातील अनेक संस्थांत आरोग्य किंवा रुग्णालय-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. काही संस्था कोणत्याही पदवीधरास घेतात, काही वैद्यकीय किंवा निमवैद्यकीय पदवीचाच आग्रह धरतात. माहितीपत्रक पाहूनच क्रम ठरवावा.

कोणती पदवी आधी घ्यावी? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, शक्य असल्यास आधी आरोग्य-प्रशासन, मग दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष रुग्णालयात काम, आणि त्यानंतर कायदा. वॉर्ड पाहिल्यावाचून वाचलेले कलम कागदावरच राहते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचे उदाहरण घ्या. या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वप्रथम कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी केंद्राने भरावयाच्या 'एफ' नमुन्यातील उणीव म्हणजे केवळ लेखनिकाची चूक, तिच्यासाठी फौजदारी कारवाई नको, असे प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते नाकारले, कारण बंद खोलीत झालेल्या तपासणीचा पुरावा त्या नमुन्याखेरीज दुसरा कोणता असणार? हा मुद्दा वकिलाला पटतो. पण रोज चाळीस तपासण्या करणाऱ्या केंद्रात तो नमुना कोणी, केव्हा भरावा आणि कोणी पडताळावा हे ठरविणे प्रशासकाचे काम आहे.

याहून नाजूक प्रसंग ग्रामीण रुग्णालयातही उद्भवतात. अठरा वर्षांखालील गर्भवती मुलगी आईसोबत येते. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा म्हणतो, पोलिसांना कळवा. गर्भपाताचा कायदा म्हणतो, नाव गुप्त ठेवा. या पेचात सापडलेला डॉक्टर पुष्कळदा तिला दुसरीकडे पाठवून मोकळा होतो, आणि ती भोंदू माणसाच्या हाती पडते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही कायद्यांचा मेळ घालून सांगितले की, मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना माहिती देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. हा निर्णय कळविणारी अर्ध्या पानाची सूचना ज्या रुग्णालयाच्या भिंतीवर आहे तेथील डॉक्टर तिला परत पाठवीत नाही. ती सूचना लिहिणारा माणूस तयार करणे, हेच या जोड-शिक्षणाचे प्रयोजन होय.

व्यवसायाची मर्यादा

दोन पदव्या म्हणजे दोन व्यवसाय नव्हेत. बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास सामान्यतः वकिली करता येत नाही. मुंबईतील एका व्यवसायी शल्यचिकित्सकाने कायद्याची पदवी घेऊन, वैद्यकीय व्यवसाय न सोडता सनद मागितली होती. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नकार कायम केला. तेव्हा रुग्णालयात नोकरी करावयाची की न्यायालयात उभे राहावयाचे, हे ठरवावेच लागते. रुग्णालयाचा विधी किंवा अनुपालन अधिकारी, विमा कंपनी, आरोग्य योजनांची अंमलबजावणी, धर्मादाय न्यासाचे व्यवस्थापन ही पहिल्या मार्गाची क्षेत्रे; ग्राहक आयोगापुढील वैद्यकीय दावे हे दुसऱ्या मार्गाचे.

आणखी एक सावधगिरी. कायद्याचे ज्ञान अर्धवट असले की रुग्णालये भयाने वागू लागतात. संमतिपत्र आठ पानी होते, तेही रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत, आणि त्यावर अंगठा घेतला की कर्तव्य संपले असे मानले जाते. वस्तुतः २००८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही आणि रुग्णाला पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. साध्या मराठीतील एक पानी पत्रक, ते समजावून सांगणारी परिचारिका आणि समजावून सांगितल्याची वेळेसह नोंद, हे त्या आठ पानांपेक्षा कायद्याच्या कसोटीवरही अधिक टिकते.

प्रत्येक तालुक्यात दोन पदव्यांचा अधिकारी नेमणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. जिल्हा पातळीवर असा एक जाणकार असला आणि त्याने वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माते व लेखनिक यांचे वर्षातून दोनदा वर्ग घेतले, तरी पुष्कळ काम होईल. ज्यांना पूर्ण पदवी घेणे शक्य नाही अशा सेवेतील कर्मचाऱ्यांनी वैद्यकीय कायद्याच्या दूरस्थ पदविकेचा विचार करावा. बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ अशी पदविका चालवीत आले आहे. परिचारिकांकडून एक प्रश्न नेहमी येतो, त्याचे उत्तर येथेच देणे सोयीचे होईल. बी. एस्‌सी. नर्सिंग ही पदवी असल्यामुळे, गुणांची किमान अट पूर्ण होत असल्यास, तिच्यावर तीन वर्षांच्या एल्एल्. बी. च्या प्रवेशपरीक्षेस बसता येते. जी. एन्. एम्. ही पदविका असल्यामुळे तेवढ्यावर बसता येत नाही. त्यांनी आधी पदवी पूर्ण करावी.