गळाची माशी आणि कोंबड्याचे पीस

ट्राउट व सामन हे मासे गळाने धरण्याची पाश्चात्त्य देशांतील एक रूढ पद्धती अशी की, गळाला सजीव आमिष न लावता पिसे, लोकर व रेशमी धागा यांची कृत्रिम माशी त्यावर बांधावयाची. तिला लागणारे कोंबड्याचे योग्य पीस मिळविणे ही वरवर पाहता क्षुल्लक बाब वाटते. परंतु पिसाची रचना, आनुवंशिकता आणि वन्य पक्ष्यांचे संरक्षण हे तिन्ही प्रश्न तीत एकत्र आले आहेत.

पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसाठी नराच्या मानेवरील अथवा कमरेवरील लांब, निमुळते पीस घेतात. ते गळाच्या दांडीभोवती गुंडाळले म्हणजे त्याचे तंतू चोहोबाजूंस किरणांप्रमाणे पसरतात आणि पृष्ठताणामुळे माशी पाण्यावर तोलून धरली जाते. याकरिता तंतू ताठ असावे लागतात. तंतूंवरील सूक्ष्म उपतंतू जेथे परस्परांत गुंतलेले असतात, तो भाग पाणी धरून ठेवतो व माशी बुडू लागते. कोंबडीची पिसे मऊ असल्याने ती बुडत्या माश्यांसाठी वापरतात. शिवाय तंतूंची लांबी गळाच्या फाकेच्या सुमारे दीडपट असावी, असा संकेत आहे. म्हणजे गळ जितका लहान, तितके तंतू आखूड हवेत. मांसासाठी पोसलेला कोंबडा काही आठवड्यांतच मारला जातो. त्या वयात ही पिसे परिपक्व झालेली नसतात. चांगल्या पिसाच्या दुर्मिळतेचे मूळ येथे आहे.

या अडचणीतून अमेरिकेत दोन मार्गांपैकी निवडीचा मार्ग पुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी डार्बी यांनी निळसर राखी पिसांसाठी कोंबडे पाळले. ऑरेगॉनमधील हेन्री हॉफमन यांनी पट्टेदार पिसांचा वाण अनेक पिढ्यांच्या निवडीने सिद्ध केला. हॉफमन यांचा वाण १९८९ मध्ये कुक्कुट-आनुवंशिकीचे अभ्यासक टॉम व्हायटिंग यांनी घेतला व कोलोरॅडोत वाढविला. पिसांवरील पट्टे लिंगसंलग्न जनुकामुळे उमटतात. नराच्या दोन्ही लिंगसूत्रांवर तो जनुक असल्यास पांढरे पट्टे अधिक रुंद होतात व पीस फिकट दिसते. अशा निवडीमुळे आज एकाच लांब पिसावरून अनेक माश्या बांधता येतात. तथापि निवडीलाही काळाची मर्यादा आहे. २०११ साली अमेरिकेत केसांत पिसे गुंफण्याची टूम निघाली, तेव्हा मागणी एकाएकी वाढली. पण कोंबडा वाढण्यास लागणारा अवधी कमी करणे कोणाच्याही हाती नव्हते.

दुसरा मार्ग वन्य पक्षी मारण्याचा. पश्चिम व दक्षिण भारतातील, सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना मेणासारखे चकचकीत, पिवळसर पांढरे ठिपके असतात. सामनच्या शोभिवंत माश्यांमध्ये त्यांना ब्रिटनमध्ये फार मान होता. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने वन्य पक्ष्यांची पिसे निर्यात करण्यास मनाई केली आणि १९२१ मध्ये ब्रिटनने आयातीविरुद्ध कायदा केला. तरीही हा व्यापार पुरता थांबला नाही. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतात या पक्ष्याची शिकार व त्याच्या पिसांचा व्यापार निषिद्ध आहे.

हे दोन मार्ग परस्परांची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाहीत. ताठपणा, लांबी व रंग हे गुण पाळीव कोंबड्यात मुळातच कमीअधिक प्रमाणात असल्याने निवडीने वाढविता आले. मेणचट ठिपका मात्र पाळीव वाणांत नाही, म्हणून त्याची मागणी रानपक्ष्याकडेच वळते. या पक्ष्याचे पाळीव कोंबड्यांशी नाते मात्र जुने आहे. पुष्कळ पाळीव वाणांची पिवळी त्वचा ज्या जनुकामुळे असते, तो राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. मानेवरच्या चार ठिपक्यांसाठी हा पक्षी मारणे म्हणजे पाळीव कोंबड्यांच्या आनुवंशिक भांडारालाच हात घालणे होय.